चार वळांचा दोर

“सत्तावीस झाले,” जहुराभाबी म्हणाली आणि खांद्यावरचं शेवटचं वेटोळं तिने चाकाशेजारी ठेवलं. “आता मला सांगा, चौथा वळ कशाचा घालनार?”

हमदुल्लाभाय चाकाच्या आसाला खोबरेल लावत होता. त्याने मान वर केली नाही.

“कशाचा म्हंजे? दोराचा.”

“खंयच्या दोराचा?”

“अगं, मास्तरांनी हिशेब करून दिलाय. चोपन सुंभ. चोपन घेतले. तू तुझं बघ ना.”

“माझंच बघतेय,” ती म्हणाली.

मी तेव्हा तिथेच होतो. मोहम्मद तांडेलाने मला निरोप देऊन पाठवलं होतं. तांडेलाच्या गलबतावर मी खलाशी होतो, आणि गलबत नारळी पुनवेनंतर चौथ्या दिवशी कालिकतकडे निघायचं होतं. त्याला दिवस उरले होते अकरा. निरोप असा होता की नांगराचा दोर त्या दिवशी सकाळी गलबतावर आला नाही, तर तांडेल मुंबईहून मनिलाचा, म्हणजे परदेशी वाखाचा, तयार दोर मागवील, आणि एकदा मागवला की पुढे दर साल तिकडूनच घेईल. मग हमदुल्लाभायने चाक उतरवून चुलीत घातलं तरी चालेल. शेवटचं वाक्य मी सांगणार नव्हतो, पण तांडेलाने ते दोनदा घोकवून घेतलं होतं, म्हणून सांगून टाकलं.

ही गोष्ट एकोणीसशे बत्तीसच्या श्रावणातली. आमचं गाव खाडीच्या तोंडाशी, बाजाराला बोर्ली पंचतन. गावात कोळ्यांची घरं आणि मुसलमानांची घरं सारखीच, आणि दोघांची गलबतं एकाच दोरावर उभी असत. तो दोर हमदुल्लाभायकडचा. माडांच्या दोन रांगांमध्ये सरळ मोकळी जागा होती, एका टोकाला चाक, दुसऱ्या टोकाला दोराचं शेवट धरणारी घसरगाडी. त्याच्या बापाने ती जागा धरली होती.

दोर कसा होतो ते इथे सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात महिनोन्‌महिने पुरून ठेवत. मग ती काढून बडवायची, काथ्या मोकळा करायचा आणि त्याचे सुंभ वळायचे. हे काम घरोघरच्या बायकांचं. माझी बायको केसर पण ते करी. असे दोन सुंभ घेऊन जहुराभाबी आपल्या मांडीवर एकत्र वळायची. त्याला ‘बारीक’ म्हणत. बारीक म्हणजे सगळ्यात पहिला दोर, दोन सुंभांचा.

तिथून पुढे चाक लागे. तीन बारीक चाकाला जोडून पीळ घातला की एक वळ झाला. तसले तीन दोर घेऊन पुन्हा पीळ घातला की दोन वळ. असं चढत जायचं, दर वेळी तीनांचा एक. किती वळांचा दोर आहे ते अंधारात चाचपूनही कळावं म्हणून दोराच्या टोकाला सुंभाचा एक तुकडा बांधून त्यावर गाठी मारीत. तीन वळ, तीन गाठी. बारीक दोरासाठी गाठ नसे. वळ म्हणजे चाकाचा वळ. मांडीवर जे होतं ते बायकांचं काम, ते मोजायची आमच्याकडे रीत नव्हती. कुणी मुद्दाम केलेली रीत होती असंही नाही. तशी होती, एवढंच.

आणखी एक रीत होती, ती मात्र कामातून आलेली. एका दोराचे सगळे बारीक एकाच हातचे पाहिजेत. दोन बायकांच्या हाताचा पीळ सारखा येत नाही. एकीचा घट्ट, एकीचा सैल. वर तीन वळ घातले की सैल दोर बाहेर फुगतो आणि सगळा ताण घट्टावर येतो. म्हणून सुंभ नऊ घरांतून आले तरी बारीक सगळे जहुराभाबीचेच.

साधारण दोर दोन वळांचे, फार तर तीन. तांडेलाला पाहिजे होता चार वळांचा. तसा दोर हमदुल्लाभायच्या बापाने एकदा केला होता, आणि किती सुंभ लागले ते तो सांगून गेला नव्हता. म्हणून हमदुल्लाभाय गेला सदा मास्तरांकडे.

सदा मास्तर तळ्याकडचे. शाळा एकहाती चालवायचे आणि स्वतः ट्रेनिंगच्या परीक्षेला बसायचे होते. त्या पावसाळ्यात ते श्रेढी शिकत होते. माणूस उत्साही. जे रात्री वाचतील ते सकाळी आम्हाला सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

“हमदुल्लाभाय, तुमचा पहिला दोर किती सुंभांचा?” त्यांनी पाटी घेऊन विचारलं होतं.

“दोनाचा.”

“आणि पुढचा दर वेळी किती पट?”

“तिप्पट.”

“वा! ही तर भूमितीश्रेढी झाली. आता तुम्हाला कितवा पाहिजे बोला.”

“चार.”

“झालं तर मग. पहिलं पद दोन, गुणोत्तर तीन. पहिल्याला गुणायचं नाही, तो आहे तसा आहे. म्हणून चारातून एक वजा. दोनाला तीनदा तीनाने गुणा. चोपन्न!” मास्तरांनी पाटी वर धरली. “आणि मधले दोर मोजायलाच नकोत. शंभरावा दोर मागा, तो पण एका ओळीत सांगतो.”

“शंभरावा कशाला बांधू, मास्तर? जंजिऱ्याला?” हमदुल्लाभाय म्हणाला, आणि सगळे हसले.

मी पण हसलो होतो. पाटीवर काय लिहिलंय ते मला वाचता येत नव्हतं, पण चोपन्न हा आकडा सगळ्यांनी ऐकला. केसरने सहा सुंभ दिले, शेजारच्या चंद्राबाईने सहा, बाकीच्या घरांतून उरलेले आले. जहुराभाबीने त्यांचे सत्तावीस बारीक केले आणि त्या दिवशी शेवटचा आणून ठेवला.

आता ती खाली बसली. पदर डोक्यावरून नीट घेतला आणि सोडणाचे तुकडे गोळा करून मातीत मांडू लागली. तीन-तीनाचे ढीग, नऊ ढीग.

“हे माझे सत्तावीस. पयला वळ घातलात, नऊ दोर झाले.” तिने प्रत्येक ढिगातला एकेक तुकडा ठेवून बाकीचे बाजूला केले. “दुसरा वळ. तीन झाले. तिसरा वळ.” एकच तुकडा उरला. तो तिने उचलून नवऱ्यासमोर धरला. “घ्या. याला चौथा वळ घाला.”

हमदुल्लाभायने तो तुकडा हातात घेतला.

“मास्तर चुकतील कशे?” तो म्हणाला. “त्यांचा पुस्तकी हिशेब हाय.”

“मी कधी म्हनलं चुकले? त्यांना बोलवा तर खरं.”

मी गेलो. शाळेची मधली सुट्टी होती. मास्तर हातातला खडू न टाकताच आले. त्यांनी मातीतले तुकडे पाहिले, मग पाटीवर एकेक आकडा लिहिला. दोन. सहा. अठरा. चोपन्न.

“बरोबर आहे की,” ते म्हणाले. “पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. चौथा दोर चोपन्नाचा.”

“त्या चौथ्याला वळ किती?” जहुराभाबीने विचारलं.

मास्तरांनी हमदुल्लाभायकडे पाहिलं.

“तीन,” हमदुल्लाभाय हळूच म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो खालीच बसला.

“पयला तो माझा,” ती म्हणाली. “तो तुमी वळात धरत न्हाय, ही तुमची रीत. चार वळ म्हंजे माझा एक सोडून चार. आनी मास्तरांच्या पुस्तकात बी पयल्याला सोडायचं. तुमी सोडलंत ते सोडलंत, वर त्यांनी पुन्हा सोडलं. दोघांनी मिळून मला दोनदा वगळलंत.”

ती हे रागाने बोलली नाही. भात करपला की बायका सांगतात तसं सांगितलं.

मास्तरांचा चेहरा उतरला. पण तो माणूस खरा होता. त्यांनी चोपन्नच्या पुढे एकशे बासष्ट लिहिलं आणि म्हणाले, “नियम चुकलेला नाही, भाबी. मी विचारायला चुकलो. पहिला कुणाला म्हणता, ते मी विचारलं. कुठून मोजता, ते विचारलं नाही. तुमचा दोर पाचवा आहे.”

“पाचवा असो न्हायतर पन्नासावा,” हमदुल्लाभाय म्हणाला. “अजून एकशे आठ सुंभ. अकरा दिवस. शिवदास, तांडेलाला जाऊन सांग, आण तुझा मनिला.”

मी उठलो होतोच. जहुराभाबीने मला थांबवलं.

“बस रे शिवदास. एकशे आठाचे माझे चोपन बारीक. दिवसाला सहा केले तर नऊ दिवस. दोन दिवस चाकाला उरतात. आनी चाक काय शेवटपर्यंत बसून ऱ्हानार हाय? झालेल्याला वळ घालत जायचं.” मग नवऱ्याकडे वळून, “तुमच्या बापाची जागा हाय म्हनून न्हाय सांगत. मला दुसरं काही येत न्हाय. मनिला आला की मी काय करू दिवसभर?”

एवढंच ती बोलली. तेराव्या वर्षी ती बोर्लीहून लग्न होऊन आली, आणि सासूने दुसऱ्याच दिवशी तिला सुंभ वळायला बसवलं. तेव्हापासून तीस वर्षं तिने ते केलं होतं. गावात ज्या गलबताचा जो दोर दिसे, त्याच्या पोटात तिचा हात असे, आणि गावात कुणालाही विचारलं असतं तर हमदुल्लाने केलेला दोर असंच सांगितलं असतं. मीही.

पुढचे दिवस पावसाचे होते. सोडणं बडवायचा आवाज नऊ घरांतून येई. सदा मास्तर शाळा सुटली की धोतर खोचून चंद्राबाईच्या पडवीत बडवायला बसत. बायकांनी त्यांची पुरेपूर फिरकी घेतली.

“मास्तर, ह्या एका सोडणाला कितीदा बडवायचं? नियम काय सांगतो?”

“तुम्ही म्हणाल तितकं,” मास्तर म्हणत. “पण आधी सांगा, पहिला फटका धरायचा की सोडायचा?”

“शिकला गं मास्तर!” चंद्राबाई ओरडायची.

सुंभ वेळेवर येत होते. अडचण होती ती बारीक दोराची. ते मला केसरकडून कळलं. जहुराभाबीच्या मागच्या पडवीत बायकाच असत, पुरुष कुणी जात नसे. केसर सुंभ द्यायला गेली की तासभर बसून येई. चौथ्या दिवशी ती आली आणि खोबरेलाची बाटली घेऊन परत निघाली.

“काय झालं?” मी विचारलं.

“मांडीची कातडी गेली तिची.”

“मग डाव्या मांडीवर वळू दे.”

केसर दारातून मागे वळली. “डाव्या मांडीवर, डाव्या हातानं वळलं की पीळ उलटा पडतो. सत्तावीस सुलटे आनी बाकी उलटे? दोर आपोआप सुटल. एवढी वर्षं दोरावर लटकतोस, आनी एवढं ठावं न्हाय?”

नव्हतं ठाऊक. मला दोर ओढायचा कसा, सोडायचा कसा एवढंच ठाऊक होतं.

सहाव्या दिवशी केळीचं पान आणि त्यावर फडकं बांधून जहुराभाबीने पाहिलं. हात घसरायला लागला. मग फडकं काढून टाकलं. केसर म्हणाली, तोंडातून हूं नाही की चूं नाही, फक्त मोजायची मोठ्याने. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सहावा झाला की पाय सरळ करून भिंतीला टेकायची आणि म्हणायची, “केसर, तुझ्या घरच्या कोंबड्यांचं काय चाललंय ते सांग.” कोंबड्यांचं सगळं सांगून झालं की मग चहा पिऊन उठायची, कारण रांधायचं तिलाच होतं.

नवव्या दिवशी एक्याऐंशीवा बारीक बाहेर आला. तो हमदुल्लाभायच्या हातात तिने स्वतः दिला नाही, केसरकडून पाठवला. तिला चालता येत नव्हतं.

एक्याऐंशीचे सत्तावीस, सत्तावीसचे नऊ, नऊचे तीन. शेवटच्या वळाला अकरा पुरुष लागले. पाऊस उघडला होता. चाकाकडे चौघे, घसरगाडीवर दगड आणि दगडावर दोघे बसलेले, आणि आम्ही बाकीचे मधे दोराला झोका येऊ नये म्हणून धरून उभे. पीळ चढत गेला तशी गाडी कुरकुरत चाकाकडे सरकत आली. तीन दोरांचा एक होताना मी पाहिलं. माझ्या दंडाएवढा दोर. हमदुल्लाभाय टोकापासून टोकापर्यंत त्यावरून हात फिरवत गेला आणि परत आला. कुठे फुगवटा नव्हता.

मग त्याने सुंभाचा तुकडा टोकाला बांधला आणि गाठी मारल्या. एक, दोन, तीन, चार. अगदी दोराला भिडवून, घट्ट. त्याची रीतच तशी.

जहुराभाबी तेव्हा काठी टेकत आली होती. तिने गाठींकडे पाहिलं. मग वाकून खाली पडलेली सुंभाची तोडकी टोकं चुलीसाठी वेचायला लागली. मला त्यात काही वाटलं नाही. आज वाटतं. तेव्हा आम्ही सगळे दोराभोवती उभे राहून किती जड आहे ते बोलत होतो.

दोर गलबतावर वेळेत आला. तांडेलाने त्यावर पाय देऊन पाहिला आणि “ठीक हाय” म्हणाला. त्याच्या तोंडून तेवढं म्हणजे पुष्कळ.

कालिकतहून लाकूड घेऊन आलो, माल मुंबईला उतरवला आणि कार्तिकात घरी परत येताना काशीदच्या समोर आम्हाला वारा लागला. दुपारची वेळ. किनारा एवढा जवळ की वाळूवरची माणसं ओळखू यावीत, आणि आमचं तोंड तिकडेच जात होतं. शीड फाटलं. दोन्ही नांगर टाकले. धाकट्या नांगराचा जुना दोर पहिल्या तासातच तुटला. उरला हा एक. आम्ही नऊ माणसं त्या दोराच्या टोकाला संध्याकाळपर्यंत उभी होतो. मी नाळेपाशी, गलबताच्या पुढच्या टोकाला, त्यावर हात ठेवून बसलो होतो. ताण आला की दोर बारीक व्हायचा, पाणी पिळून निघायचं, आणि लाट गेली की पुन्हा भरायचा. चोपन्न सुंभांचा दोर असता तर मी हे लिहायला नसतो. याला पुस्तक लागत नाही. एक तृतीयांश सुंभांचा दोर काय धरतो ते खलाशाला कळतं.

घरी आल्यावर ते मी हमदुल्लाभायला सांगितलं. तो म्हणाला, “अल्लाची मेहेरबानी.” जहुराभाबी आतून म्हणाली, “धाकट्या नांगराला कोनाचा दोर व्हता रे?” मी म्हटलं, तोही तुमचाच, पण अकरा वर्षांचा. “मग तुटनारच,” ती म्हणाली.

सदा मास्तर पुढल्या वर्षी परीक्षा पास झाले. गावात पेढे वाटायला आले तेव्हा त्यांनी तिला सांगितलं, “भाबी, तेच आलं होतं. श्रेढीचं कितवंही पद काढा.”

“मग ह्या बारीला कोनाला वगळलंत?”

“कुणाला नाही. पहिलं पद आधी लिहिलं, त्याखाली रेघ मारली, मग पुढे गेलो.”

त्याच मास्तरांच्या ओट्यावर मी पुढे अक्षरं गिरवली. तेव्हा पस्तिशी ओलांडली होती. केसर हसायची, पण दिव्याची काच पुसून ठेवायची. मास्तरांच्या त्या पुस्तकातला नियम मी नंतर स्वतः वाचला. त्यात पहिल्या पदाला एक अक्षर दिलेलं आहे, आणि ते सगळ्यांच्या आधी लिहिलेलं आहे. वजा एक येतं ते त्यानंतर.

तो दोर झाल्यावर चार वर्षांनी मोहम्मद तांडेलाने मनिलाचा दोर घेतलाच. हलका असतो, चार माणसं कमी लागतात. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बाकीच्यांनीही घेतला. चाक पडून राहिलं. तो चार वळांचा जुना दोर तांडेलाने मला दिला आणि मी माझी होडी त्यावर बांधू लागलो. जहुराभाबी सुंभ वळायची ती आता बाजल्यांसाठी आणि विहिरीसाठी.

अडतीस साली ती तापाने गेली. आठ दिवसांचा ताप. तिचा चाळिसावा दिवस झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी हमदुल्लाभाय माझ्या होडीपाशी आला. ओहोटी नुकतीच लागली होती. त्याच्या हातात दोर सोडवायची लाकडी खुंटी होती.

“शिवदास, त्या दोराचं टोक काढ.”

मी काढलं. गाठींचा तुकडा अजून होता, मिठाने आणि डांबराने काळा, दगडासारखा कडक. हमदुल्लाभाय वाळूत बसला आणि गाठी चाचपू लागला.

“एक ऱ्हायली हाय,” तो म्हणाला.

मला कळलं. मी म्हटलं, “मग मारा की, भाय. पुढं सुंभ शिल्लक हाय. शेवटच्या गाठीपुढं मारा.”

त्याने मान हलवली. “ती शेवटची न्हाय.”

पहिल्या गाठीच्या मागे जागा नव्हती. ती त्याने दोराला भिडवूनच मारलेली होती. म्हणून त्याने खुंटी घेतली आणि चौथी गाठ सोडवायला लागला. मग तिसरी. मी मदत करू का विचारलं, तर नको म्हणाला. बोटं रक्ताळली तेव्हा समुद्राच्या पाण्यात बुडवून आला. चारी गाठी सुटेपर्यंत पाणी होडीपासून पुष्कळ लांब गेलं होतं.

मग त्याने सुंभ मांडीवर ठेवला, तळहाताने दोनदा वळून सरळ केला, आणि पहिल्यापासून पाच गाठी मारल्या.